सगळे एकदम

सेलूच्या बसस्टँडमागे एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर संस्थेचं ऑफिस होतं. खाली खताच्या थैल्या, फवारणीचे पंप आणि बियाण्यांची पोस्टरं. वर दोन टेबलं, एक कूलर आणि चार्जिंगला लावलेल्या अठरा टॅबलेटांची रांग. जिना चढताना खताचा वास नाकात शिरला, तो माधवी डेहनकरच्या ओढणीला पुढे तीन दिवस चिकटून राहिला.

पहिल्या दिवशी तिनं रुमालानं खुर्ची पुसली, मग टेबल पुसलं आणि मग रुपेशकडे असं पाहिलं, की त्यालाही पुसून घ्यावं असं तिच्या मनात आहे की काय असं त्याला वाटलं.

रुपेश हा संस्थेचा तालुक्याचा समन्वयक. "मॅडम, ॲप लय स्लो चालून राह्यलं," तो म्हणाला. "एक गाव उघडाले चार मिनटं लागते. बाया कंटाळून जाते."

'उघडाले.' माधवीच्या कपाळावर बारीक आठी पडली. ती स्वतः वर्ध्याची, रामनगरची. पण आठ वर्षं पुण्यात काढून तिनं जिभेवरचा 'ले' खरवडून काढला होता. लग्नानंतर ती परत वर्ध्याला आली, नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करू लागली. जिभेला मात्र तिनं परत येऊ दिलं नाही.

काम साधं होतं. संस्थेनं जिल्ह्यात घरोघर आरोग्य-पाहणी चालवली होती. सेविका गावात जायच्या, घरातली माणसं टॅबलेटवर नोंदवायच्या. ॲप लिहिलं होतं पीयूष नावाच्या कारंज्याच्या एका पोरानं. ज्या कॉलेजातून तो शिकला त्याचं नाव माधवीनं कधी ऐकलं नव्हतं आणि ऐकायची हौसही नव्हती. एप्रिलमध्ये तो एकाएकी काम सोडून गेला. आता दिवाळी आठवड्यावर आली होती, शुक्रवारी वर्ध्याला संस्थेच्या अध्यक्षांसमोर ॲप दाखवायचं होतं आणि कंपनीनं माधवीला धाडलं होतं.

दुखणं तिला दहा मिनिटांत सापडलं.

"हे बघ," ती रुपेशला म्हणाली. त्याला समजतंय की नाही याची तिला फिकीर नव्हती. कोणापुढे तरी बोलायचं होतं. "गाव उघडलं की एकशे एक्केचाळीस घरं येतात. माणसं येत नाहीत. मग प्रत्येक घरासाठी हा सर्व्हरकडे पुन्हा जातो. घरातल्या प्रत्येक माणसासाठी पुन्हा. याला लेझी लोडिंग म्हणतात. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच आणायचं. पद्धत वाईट नाही, पण कुठं वापरायची याची अक्कल लागते. बाजारात जाऊन वांगी आणायची. घरी यायचं. मिरचीसाठी परत जायचं. कोथिंबिरीसाठी परत. एका भाजीला दहा खेपा! तुमच्या हुशार मुलानं हे करून ठेवलंय."

"आणि दुसरं काय असते?"

"ईगर लोडिंग. एकदाच जायचं, पिशवी भरून आणायची. घर मागितलं की घरातली सगळी माणसं सोबत. एका हाकेत."

"पीयूष तसा हुशार होता, मॅडम."

"असेल. सेलूपुरता."

मग तिला ती ओळ दिसली. कोडच्या मधोमध पीयूषनं टीप लिहून ठेवली होती, आणि तीही मराठीत: 'सगळे एकदम मागवू नये. एकेकाला विचारावे. पिंपळधरा, घर क्र. ६३.'

माधवी मोठ्यानं हसली. तिनं त्या ओळीचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ग्रामीण अभियांत्रिकी'. मिनिटभरात बारा हसरे चेहरे जमा झाले. तिनं ओळ पुसली आणि कामाला लागली.

अकरा वाजून गेल्यावर तिनं पिंपळधरा उघडून दाखवलं. बोट टेकवलं आणि गाव समोर. रुपेशनं तोंडात बोट घातलं. तेवढ्यात पिंपळधऱ्याच्या सेविका कुसुमबाई ताकसांडे टॅबलेट जमा करायला आल्या होत्या, त्याही मागून डोकावल्या. पंचावन्नच्या आसपासची बाई, बारा वर्षं हेच काम केलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"सहाशे तेरा?" त्यांनी खालचा आकडा वाचला. "सहाशे बारा होय ताई. म्या सोता मोजले."

"जोडणीत एखादी ओळ दोनदा येते," माधवी म्हणाली. "नेहमीचं आहे."

ते खरंच नेहमीचं होतं. आणि त्यावरचा इलाजही नेहमीचा. तिनं तो केला. आकडा सहाशे तेराच राहिला. मग तिनं घरामागून घर तपासत नेलं आणि त्रेसष्ट नंबरवर थांबली. चंद्रभान ढगे, वय अठ्ठेचाळीस. बायको कमला. आई धुरपता. मुलगी भावना, वय एकोणीस. आणि त्याखाली पाचवी ओळ.

नाव रिकामं. वय रिकामं. नातं रिकामं. फक्त 'घरी हजर' या रकान्यात 'होय' आणि नोंदीची वेळ, अकरा बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावन्नच झाले होते.

तिनं दोन मिनिटं थांबून पुन्हा मागवलं. नोंदीची वेळ, अकरा चोपन्न.

मूळ तक्त्यात शोधलं तर चार माणसं. एकेकाला वेगळं विचारलं तर चार माणसं. सगळ्यांना एकदम मागवलं की पाच. पाचवीला ओळख-क्रमांकच नव्हता, आणि क्रमांकाशिवाय ओळ असूच शकत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. माधवीला राग आला. जाताना कोणीतरी खोडी काढून ठेवलीय आणि ती तिला सापडत नाहीये, हा तो राग होता.

तिनं पीयूषला फोन लावला. तो आता कारंज्याला हायवेवरच्या एका धाब्याच्या गल्ल्यावर बसत होता. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"इंजिनिअर होऊन धाब्यावर?" माधवीनं सुरुवातच तिथून केली. "बरं, त्रेसष्ट नंबरच्या घरात काय घालून ठेवलंस?"

पलीकडे गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला.

"मॅडम, तुमी एकदम मागवले का?"

"हो."

"किती डाव?"

"पाच-सहा. का? मोजायचं असतं?"

"त्या घरी जाऊ नका," तो म्हणाला. "गेल्या तरी हाक मारू नका. आन् मले आता फोन नका करू, मॅडम. मी आत्ता कुठं घरी सगळ्याइच्या सोबत जेवाले बसतो." फोन बंद झाला.

"मेंदू वाया गेलाय," माधवी रुपेशला म्हणाली. "जीप काढ. आपण जाऊन मोजून येऊ."

दुपारी तीनला ते निघाले. कुसुमबाई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कालव्याच्या कडेनं रस्ता, दोन्हीकडे कापूस फुटलेला, कमरेला ओट्या बांधून बाया वेचणी करत होत्या. पऱ्हाटीपलीकडे तूर हिरवीगार उभी. ऑक्टोबरचं ऊन काचेतून हातावर चटका देत होतं. माधवी फोनवर कोणाला तरी सांगत होती, की ती सध्या एका माणसाच्या शोधात निघालीय, ज्याला नाव नाही, वय नाही, पण हजेरी शंभर टक्के आहे. पलीकडे कोणी तरी खूप हसलं.

ढग्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. भाजीवाल्या शेतकऱ्याचं घर, विटांचं, वर टिनाचं छप्पर. अंगणात उद्याच्या बाजाराची वांगी कॅरेटात भरलेली, ओल्या गोणपाटाखाली पालकाच्या जुड्या. दाराशी चार जोडी चपला. माधवीनं त्या मोजल्या आणि हसली.

"चंद्रभानभाऊ," कुसुमबाईंनी अंगणातूनच हाक दिली.

एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. नाव, वय, बीपीची गोळी चालू आहे की नाही, एवढं सांगून तो आत गेला. तो पूर्ण आत जाईपर्यंत कुसुमबाई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कमलावैनी." कमला आली. तिनं सांगितलं, ती गेली. पुन्हा तेवढीच शांतता.

"हे काय चाललंय?" माधवीनं विचारलं.

"इथं एकेकालेच बलावते ताई."

"का?"

"मले काय मालूम. माह्या आधी गिरजाबाई याच्या, त्याबी असंच करे."

"बारा वर्षं करताय आणि का ते माहीत नाही. वा! एका घराला अर्धा तास! म्हणूनच ॲपही तसंच झालंय." तिनं घड्याळ पाहिलं. "सगळे घरातच आहेत ना?"

"ताई—"

माधवी अंगणाच्या मध्यावर गेली. शाळेतल्या बाई बोलावतात तशा खणखणीत आवाजात तिनं हाक दिली, "घरात जे कोणी असतील त्या सगळ्यांनी बाहेर या बरं. सगळे. एकदम."

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

कुसुमबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. रुपेश जीपकडे दोन पावलं मागे सरकला.

ते आले. दाराबाहेर आले आणि फोटोला उभं राहावं तसे भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिले. चंद्रभान, त्याच्याशेजारी कमला, मग काठी टेकत धुरपताबाई. मग एका माणसाएवढी जागा. मग भावना. ती पोरगी जमिनीकडे पाहत होती.

"जवळ उभे राहा," माधवी म्हणाली.

कोणी हललं नाही.

"ठीक आहे." तिनं बोट उचललं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

ती थांबली. हसली. पुन्हा मोजलं.

पाच.

मग तिनं नावं घेतली. चंद्रभान. कमला. धुरपता. भावना. चार.

बोटानं मोजलं. पाच.

ऊन तसंच होतं. शेजारच्या गोठ्यात गाय शेपटी हलवत होती. आता तिनं अगदी हळू मोजायचं ठरवलं. बोट कुठं थांबतं ते नीट पाहायचं.

एक. चंद्रभान.

दोन. कमला.

तीन. म्हातारी.

चार.

पाच. भावना.

चार म्हणताना बोट कोणाकडे होतं, हे तिला आठवेना. आत्ताच तर मोजलं होतं. कोणाकडे तरी पाहिलं होतं हे नक्की. त्यानंही पाहिलं होतं.

"कोन होय हा?" माधवीच्या तोंडून निघालं.

धुरपताबाईंनी मान वर केली. "नाव घेऊन बलावलं का वं तू, बाई?"

"नाही. सगळ्यांना बोलावलं."

"हो," म्हातारी म्हणाली. "सगळ्याइले बलावलं."

मग एक गोष्ट घडली, ती अगदी साधी होती. भावनानं बाजूला हात नेला, चाचपडल्यासारखा. तो कुठंही अडला नाही. तिनं एक पाऊल टाकलं, आजीला जाऊन खेटली आणि तिचा हात धरला. मधली जागा संपली.

कमलानं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. चंद्रभाननं वांग्यांचं एक भरलेलं कॅरेट उचललं, माधवी नको नको म्हणत असताना जीपच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवलं आणि हात जोडले.

"घेऊन जा ताई," तो म्हणाला. "सगळं घेऊन जा."

कुसुमबाई जीपमध्ये बसल्या नाहीत. "मी मांगून बसनं येतो," एवढंच म्हणाल्या. त्या गावाला बस सकाळी असते, हे रुपेशला माहीत होतं. त्यानं त्यांना आग्रह केला नाही.

ऑफिसात आल्याबरोबर माधवीनं पिंपळधरा उघडलं. घर क्रमांक त्रेसष्ट, चार माणसं. एकेक विचारलं तरी चार, एकदम मागवलं तरी चार. खाली सहाशे बारा.

माधवीचा जीव पुन्हा जागेवर आला आणि त्याच्यासोबत जीभही. "बघितलंस? जुन्या माहितीचा साठा कुठंतरी अडकला होता. निघून गेला. आणि तिथं अंगणात आपण तिघांनी उन्हात उभं राहून काय तमाशा केला! लोकांनी आधीच डोक्यात भरवलं की माणूस काहीही मोजतो." तिनं ग्रुपवर लिहिलं, 'भूत पकडलं. वांगी घेऊन सुटलं.' या वेळी अठरा चेहरे हसले.

रुपेश वांग्यांच्या कॅरेटला हात लावत नव्हता. शेवटी खालच्या दुकानदारानं ते नेलं.

शुक्रवारी वर्ध्याला संस्थेच्या सभागृहात तीसेक माणसं जमली. अध्यक्ष भैयाजी पुढच्या खुर्चीत, पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर पिशवी. माधवीनं आधी जुनी पद्धत दाखवली आणि चार मिनिटं सगळ्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. कोणी खोकलं, कोणी जांभई दिली. मग नवी दाखवली. टाळ्या पडल्या.

"गावाचा खरा डेटा इथं उघड करता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून आतलं घर दाखवायला मी माझंच घर घातलंय. चाचणीसाठी." आणि तिनं बोट टेकवलं.

पडद्यावर घर उघडलं. धनंजय डेहनकर, वय एकोणचाळीस. विमलाबाई डेहनकर, वय अडुसष्ट. माधवी डेहनकर, वय छत्तीस.

आणि खाली एक रिकामी ओळ. घरी हजर, होय.

"हे चवथं कोन होय?" भैयाजींनी विचारलं.

सभागृहात पंखे फिरत होते. माधवीनं पडद्याकडे पाहिलं. तीस माणसं तिच्याकडे पाहत होती. सेलूची, समुद्रपूरची, आर्वीची माणसं, ज्यांना सर्व्हर म्हणजे काय हे ती आत्ताच लहान मुलांना सांगावं तसं सांगून बसली होती.

"नमुन्याची ओळ आहे, सर," ती म्हणाली. "नंतर काढतो आम्ही."

"पाहुणा आला असन घरी," भैयाजी म्हणाले आणि सगळे हसले. मागच्या रांगेत रुपेश हसला नाही. भैयाजींनी पिशवी आवरली. "छान केलं बेटा. दिवाळी झाली का आठही तालुक्यात हेच चालू करून टाका."

पायऱ्यांवर रुपेशनं तिला गाठलं.

"मॅडम, अजून बी सांगता येते. एकेकच मागवू म्हणा. चार मिनटं लागते तं लागू द्या."

"आणि कारण काय देऊ? भुताटकी?"

"कारण कायले देता? स्लो असलेलंच बरं म्हणा."

एक क्षण ती थांबली. आठ तालुके, हजारेक गावं, घरामागून घर, सगळ्यांना एकदम हाक. तिच्या मनात ते आलं होतं. परत फिरून भैयाजींना एक वाक्य सांगायचं होतं, बस. पण ते वाक्य धाब्यावरच्या पोराचं होतं. ग्रुपवरचे अठरा चेहरे तिला दिसले.

"स्लो असलेलं बरं," ती म्हणाली, "असं मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही, रुपेश." आणि ती रिक्षात बसली.

घरी जाऊन तिनं चाचणीचं ते घर पुसून टाकलं. पुसताना नेहमीसारखी सूचना आली, 'चार व्यक्ती काढल्या जातील.' तिनं ती न वाचल्यासारखं केलं.

रविवारी दुपारी रामनगरच्या घरात वरण-भात, भरल्या मिरच्या आणि पोळ्या केल्या होत्या. दोन दिवसांपासून माधवीला स्वतःचीच एक नवी खोड दिसत होती आणि तिला तिची मनापासून किळस येत होती. 'जेवायला या' असं ती म्हणत नव्हती. नाव घेऊन बोलवत होती.

"धनंजय," तिनं स्वयंपाकघरातून हाक दिली.

"आलो." पाय वाजले, नळ सुटला, बंद झाला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती थांबली. सगळं शांत होऊ दिलं.

"आई."

उत्तर आलं नाही. सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, हळू, लाडिक, बराच वेळ चालू असल्यासारखा. लुगड्याच्या काठाबद्दल काही, मग दिवाळीला कोणाकडे जायचं त्याबद्दल. मधे मधे त्या थांबत होत्या, समोरच्यानं बोलावं म्हणून माणूस थांबतो तशा, आणि मग हसत होत्या. इतक्या मायेनं त्या माधवीशी कधी बोलल्या नव्हत्या. माधवीनं त्यांना तशी संधीही दिली नव्हती.

धनंजयही हसला. "बरोबर आहे तुझं," तो कोणाला तरी म्हणाला.

माधवीनं वरणाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि दारात आली.

टेबलाला तीन ताटं मांडली होती. तिन्हीत वाढून झालं होतं आणि तिसऱ्यातलीही पोळी मोडलेली होती.

विमलाबाईंनी मान वळवली. त्यांची नजर चांगली होती. सुईत दोरा त्या अजून चष्म्याशिवाय ओवत. त्यांनी माधवीकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं, सभ्यपणे.

"धनंजय," त्या म्हणाल्या, "कोन बाई आली रे ही?"

धनंजयनं वर पाहिलं. तोंडातला घास तसाच ठेवून, नाव अगदी जिभेवर असावं आणि आठवू नये, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला.